मकतबचा नवा अभ्यासक्रम: सूरह माऊन पाठ झाली, 'माऊन' म्हणजे काय ते राहून गेलं

कृष्णाकाठ (मिरज)

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार मंडळी,

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिक्षिका आहे. आमच्या मोहल्ल्याच्या जमातीने संध्याकाळच्या मकतबसाठी (मुलांच्या कुरआनच्या वर्गासाठी) नवा अभ्यासक्रम लिहायला घेतलाय. तिघांची समिती आहे आणि त्यात मला घेतलंय. मुलं चाळीसेक, वय सहा ते चौदा. दिवसा सगळी मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळेत, घरी दखनी आणि मगरिबनंतर (सूर्यास्ताच्या नमाजनंतर) पाऊण तास मकतबमध्ये. आजवरचा क्रम तुम्हाला माहीतच असेल: नूरानी कायदा (अरबी अक्षरांची बाराखडी), मग नाजरा (कुरआन बघून वाचणं), आखरी पाऱ्यातल्या (कुरआनच्या शेवटच्या भागातल्या) छोट्या सूरह म्हणजे प्रकरणं, नमाजची पद्धत, खाण्या-झोपण्याच्या दुआ. हे सगळं राहणारच आहे, त्यावर वाद नाही.

मागच्या महिन्यात एक दिवस मी मागे चटईवर जाऊन बसले. चौथीतल्या एका मुलीने सूरह माऊन म्हणून दाखवली. 'ऐन' हे अरबी अक्षर असं घशातून काढलं की उस्तादांनी मान हलवली. मी विचारलं, "बाळा, माऊन म्हणजे काय गं?" तिने आधी उस्तादांकडे पाहिलं, मग शेजारच्या मैत्रिणीकडे, आणि म्हणाली, "सूरहचं नाव."

तिचं काही चुकलं नाही. मला स्वतःला हा शब्द तिशी उलटल्यावर कळला. सात आयतींची (वचनांची) सूरह. अनाथाला ढकलून देणारा, गरिबाच्या जेवणासाठी कुणाला प्रवृत्त न करणारा, नमाजकडे बेपर्वा असलेला, दाखवण्यासाठी करणारा, आणि शेवटी 'माऊन' अडवून धरणारा. पैगंबरांचे सोबती हजरत इब्न मसऊद यांनी माऊनचा अर्थ सांगितलाय तो असा: लोक एकमेकांकडून मागून नेतात त्या वस्तू. कुऱ्हाड, भांडं, बादली. बास, एवढंच! नमाजबद्दल इतका कडक इशारा देणारी सूरह संपते कुठे, तर शेजाऱ्याने मागितलेल्या बादलीपाशी.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर मुलांकडून यादी करून घेतली, तुमच्या गल्लीत काय काय मागून नेतात म्हणून. शिडी, खलबत्ता, इस्त्री, इडलीपात्र, सायकलचा पंप, भरलेला सिलिंडर, लग्नाची देग. एक मुलगा उठून म्हणाला, "अम्मी बोली, बाजूकी खाला कने से मोठी कढई लेको आ, तो भी माऊन है क्या?" वर्ग एकदम जागा झाला. मग मी त्यांना २०१९ च्या पुराचं सांगितलं. ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या लग्नाच्या देगा शाळेत नेल्या होत्या. लोक तिथे उतरले होते, त्यांच्या खिचडीसाठी. देग कुणाची होती हे कुणी विचारलं नाही. परत येताना एकीचं झाकण दुसरीवर आलं होतं, ते अजून तसंच आहे.

तर माझा प्रस्ताव साधा आहे. जे पाठ करून घ्यायचं त्याचा अर्थ मुलाच्या भाषेत आणि त्यातून घरी-दारी करायचं काय, या दोन गोष्टी सुटता कामा नयेत. कच्चा आराखडा असा आहे. लहान गटाला माऊन, अस्र आणि सूरह लुकमानमधली लुकमान यांनी आपल्या मुलाला केलेली नसीहत (उपदेश). मधल्या गटाला सूरह बनी इसराईलच्या २३ ते ३९ या आयती: आईवडिलांना 'उफ'सुद्धा म्हणू नका, अनाथाच्या मालाला हात लावू नका, माप पुरं भरा, ज्याची माहिती नाही त्याच्या मागे लागू नका, जमिनीवर अकडून चालू नका. मोठ्या गटाला सूरह हुजुरात अख्खी. अठराच आयती आहेत, पण खिल्ली उडवणं, टोपणनावांनी चिडवणं, संशय, चुगली, ऐकीव बातमी हे सगळं त्यात आहे. आठवीतल्या मुलांचा अख्खा दिवस यातच जातो.

कुठे चुकतंय, काय सुटतंय ते मोकळेपणाने सांगा.

हाफिज_मिरज

व अलैकुम अस्सलाम आपा.

मी अकरा वर्षं मकतब शिकवतोय. तुमच्या तळमळीबद्दल शंका नाही. पण दोन गोष्टी साफ सांगतो.

पहिली. तिलावतीला (कुरआन शुद्ध वाचण्याला) तुम्ही 'नुसती' म्हणू नका. तुम्ही तसं लिहिलं नाहीत, मान्य, पण अशा प्रस्तावांचा शेवट बहुतेक वेळा तिथेच होतो. अर्थ मोठेपणी कधीही शिकता येतो. मखारिज (अक्षरांच्या उच्चाराच्या जागा) वयाच्या आठव्या वर्षी जिभेवर बसले नाहीत तर चाळिशीत बसत नाहीत. माझ्याकडे रिटायर झालेली माणसं येतात, अरबीतली 'हे' आणि 'हा' ही अक्षरं वेगळी काढताना रडकुंडीला येतात.

दुसरी. अखलाक (वागणूक) हा अकीद्यापासून (श्रद्धेपासून) सुटा काढता येत नाही. तुम्ही सूरह लुकमान म्हणालात, मग क्रम बघा ना. लुकमान आपल्या मुलाला सुरुवातीलाच 'आवाज खाली ठेव' म्हणत नाहीत. आधी म्हणतात, बेटा, अल्लाहसोबत कुणाला शरीक करू नकोस. मग आईवडील. मग तो मोहरीचा दाणा: एवढीशी गोष्ट खडकाच्या आत असो की आभाळात, अल्लाह ती समोर आणेल. मग नमाज, भल्याची शिफारस, वाईटाला मनाई, सब्र (धीर). गाल फुगवून लोकांशी बोलू नकोस, चाल मध्यम ठेव, आवाज खाली ठेव, हे सगळ्यात शेवटी, १८ आणि १९ व्या आयतीत. पाया सोडून माडी बांधली तर ती शाळेतल्या मूल्यशिक्षणाच्या तासासारखी होईल. त्यासाठी मकतब कशाला हवं?

तिघांची_आई (सांगली)

वाचतेय. हाफिजसाहेबांचा मोहरीचा दाणा फार आवडला. माझ्या धाकट्याला फोडणीच्या डब्यातला दाणा तळहातावर ठेवून हीच आयत सांगितली आत्ता. तो अजून तो दाणा शोधतोय, खाली पडला म्हणून.

अडत_दुकान (सांगली मार्केट यार्ड)

मी हळदीच्या धंद्यात आहे, आलिम (धर्माचा अभ्यासक) वगैरे नाही. पण तुमच्या आराखड्यात बाजार कमी आहे असं वाटलं, म्हणून लिहितो.

सहीह मुस्लिम या संग्रहातली हदीस (पैगंबरांचं वचन किंवा प्रसंग) आहे. हुजूर (पैगंबर मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम बाजारात धान्याच्या एका ढिगाजवळून चालले होते. ढिगात हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर फरमावलं, मग ते वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं? जो फसवतो तो माझ्यातला नाही.

आता आमच्याकडे पोत्यात हात घातला की काय होतं ते सांगतो. वरचं हळकुंड खणखणीत वाळलेलं, दोन हळकुंडं एकमेकांवर आपटली की टणक आवाज येतो. हात कोपरापर्यंत खाली गेला की थंड लागतं. तो थंडपणा म्हणजेच ओलावा. ओलाव्याला वजन असतं आणि वजनाला पैसे. माझ्या वडिलांनी मला ही हदीस पुस्तकातून सांगितली नाही. मी बारा वर्षांचा असताना पोत्यात हात घालायला लावला आणि विचारलं, "क्या लगा?" मी म्हटलं, ठंडा. म्हणाले, "येच बात हुजूरने पूछी थी." त्या दिवसापासून ओला माल खाली दिसला की मला घाम फुटतो.

म्हणून सूरह मुतफ्फिफीनच्या सुरुवातीच्या आयती मधल्या गटाला पाहिजेतच. स्वतः घेताना माप पुरं घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी भरतात, त्यांचा नाश असो. आणि शुऐब अलैहिस्सलाम यांची गोष्ट. त्यांनी मदयनच्या लोकांना तौहीदच्या (अल्लाह एकच मानण्याच्या) जोडीला काय सांगितलं, तर तराजू सरळ धरा. हाफिजसाहेब, अकीदा आणि माप एकाच नबीच्या तोंडी एकत्र आलंय इथे. तुमचं नि आपांचं भांडण इथेच मिटायला हरकत नाही.

मुलांना एकदा यार्डात घेऊन या. तोलाईदार काटा कसा शून्यावर आणतो ते दाखवतो. चहा माझ्याकडे.

आलिमा_वाळवा

हाफिजसाहेबांच्या क्रमाच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आणि आपांच्या अर्थाच्या मुद्द्यालाही. दोन्हींना जुना आधार आहे.

जुंदुब बिन अब्दुल्लाह रजि. (म्हणजे 'अल्लाह त्यांच्यावर राजी होवो') सांगतात की आम्ही उमेदीच्या वयाचे असताना हुजूरांसोबत होतो, आधी ईमान शिकलो, मग कुरआन शिकलो आणि त्याने आमचं ईमान वाढलं. इब्न माजाह या हदीससंग्रहात आहे. दुसरीकडे अबू अब्दुर्रहमान सुलमी हे ताबिई (सहाबांच्या पुढच्या पिढीतले) सांगतात की ज्यांनी आम्हाला कुरआन शिकवला ते सहाबा (पैगंबरांचे सोबती) दहा आयती घ्यायचे, त्यातलं इल्म (ज्ञान) आणि अमल (आचरण) दोन्ही आत्मसात झाल्याशिवाय पुढच्या दहा घ्यायचे नाहीत. मुवत्ता या हदीससंग्रहात आहे की इब्न उमर रजि. सूरह बकरावर आठ वर्षं होते. आपण सहा महिन्यांत पारा संपवला म्हणून जलसा करतो. घाई आपली आहे, दीनची नाही.

एक कळकळीची विनंती. पुस्तक लिहाल तेव्हा हदीस तपासून घाला. "इल्म मिळवा, मग चीनपर्यंत जावं लागलं तरी" हे मी कितीतरी मकतबच्या भिंतीवर रंगवलेलं पाहिलंय. मुहद्दिसांनी (हदीसच्या अभ्यासकांनी) ती रिवायत अतिशय कमजोर, काहींनी तर बनावट ठरवलीय. तिच्या जागी "इल्म मिळवणं प्रत्येक मुसलमानावर फर्ज आहे" हे घाला. वाक्य कितीही सुंदर असलं तरी हुजूरांच्या नावावर न म्हटलेलं घालायचं नाही. त्याबद्दल हदीसमध्ये जहन्नमचा इशारा आहे. आणि हुजुरातची सहावी आयत, बातमी आली तर आधी शहानिशा करा, ही आपण मोठ्या गटाला शिकवणार. मग आपल्याच भिंतीवर चीन कसं चालेल? मोबाइलवर आलेलं पुढे ढकलू नका हे त्या मुलांना सांगायचं असेल तर सुरुवात भिंतीपासून करू.

सातारकर_मास्तर

नमस्कार. मी या विषयातला बाहेरचा माणूस. रयतच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी झाली, आता निवृत्त आहे. विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काले इथे रयत सुरू केली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. तिथे सर्व जातिधर्मांची पोरं एका चुलीवर शिजवून एका पंगतीत जेवायची. आम्हाला नोकरीत लागल्यावर जुने शिक्षक सांगायचे की अण्णांनी समतेवर व्याख्यानं कमी दिली, भाकऱ्या जास्त थापायला लावल्या. त्या आधी शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी शिक्षण संस्था आणि बोर्डिंग उभं केलं होतंच.

माझा प्रश्न असा. तुमच्या मकतबमधलं मूल 'शेजारी' म्हणून कुणाला ओळखणार? देग पुरात शाळेत गेली हे वाचून बरं वाटलं. पण पुस्तकात ते येणार का, की पुस्तकातला शेजारी फक्त आपल्यातलाच असणार? हा प्रश्न मी आमच्या लोकांच्या संस्कारवर्गांनाही विचारतो, म्हणून इथे विचारायचा हक्क आहे असं समजतो.

कृष्णाकाठ (मिरज)

मास्तर, विचारलंत ते फार चांगलं झालं.

अब्दुल्लाह बिन अम्र रजि. यांच्या घरी बकरी कापली होती. त्यांनी घरच्यांना परत परत विचारलं, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे पाठवलंत का? आणि मग हुजूरांचं वचन सांगितलं की जिब्रील मला शेजाऱ्याबद्दल इतकं बजावत राहिले की मला वाटलं, ते त्याला वारसदारच करतील. तिर्मिजी आणि अबू दाऊदमध्ये ही रिवायत आहे. आमच्या पुस्तकात शेजाऱ्याचा धडा याच प्रसंगाने सुरू होईल, म्हणजे प्रश्नच उरणार नाही. मोठ्या गटाला सूरह माइदाची आठवी आयत: एखाद्या कौमविषयीच्या रागामुळे इन्साफ सोडू नका. आणि मुमतहिनाची आठवी: जे तुमच्याशी धर्मावरून लढले नाहीत, ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं नाही, त्यांच्याशी भलेपणाने आणि न्यायाने वागायला अल्लाह मनाई करत नाही.

आपल्या भागात हे शिकवणं अवघड नाही. कडेगावच्या मोहरमला गगनचुंबी ताबूत उचलायला किती हिंदू खांदे असतात ते मुलांनी पाहिलेलं असतं. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसाला चर्मकार समाजाच्या गलेफाचा (दर्ग्यात चढवायच्या चादरीचा) मान आहे. काही जण या प्रथांबद्दल धार्मिक अंगाने वेगळं मत ठेवतात हे मला माहीत आहे आणि तो वाद मी या धाग्यात आणत नाही. शेजार कसा असतो ते मुलांना गल्लीत दिसतं, एवढंच म्हणते.

पुण्यात_नोकरी (मूळ तासगाव)

इतके दिवस नुसतं वाचत होतो. आज लिहितो.

मी सात वर्षांचा असताना एका मकतबमध्ये 'हा' नीट येत नाही म्हणून उस्ताद बोटांच्या पेरांवर पट्टी मारायचे. उभी पट्टी, धारेने. थंडीच्या दिवसांत. अजून 'अलहम्दु' म्हणताना माझी उजवी मूठ आपोआप मिटते. नमाजमध्ये. रोज. सतरा वर्षं मशिदीत गेलो नाही. परत आलो ते पुण्यात एका म्हाताऱ्या इमामांमुळे. मी चुकलो की ते फक्त थांबायचे आणि वाट बघायचे.

तुम्ही अभ्यासक्रमात काय शिकवायचं यावर लिहिताय. माझं म्हणणं, पहिलं पान उस्तादांसाठी असू द्या. अनस रजि. दहा वर्षांचे असल्यापासून दहा वर्षं हुजूरांच्या खिदमतीत होते. ते सांगतात की हुजूर मला कधी 'उफ' म्हणाले नाहीत, हे का केलंस आणि हे का नाही केलंस असंही कधी विचारलं नाही. ही हदीस आम्हाला मकतबमध्ये कुणी शिकवली नाही.

शाळेत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मारायला बंदी आहे. मकतबने कायद्याची वाट का बघावी?

हाफिज_मिरज

पुण्यात_नोकरी भाई,

तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. अल्लाह तुमच्या बोटांना शिफा देवो.

मीही छडी खाऊन हाफिज झालो आणि पहिली तीन-चार वर्षं छडी ठेवायचो. जास्त नाही मारली, पण ठेवायचो, आणि मुलं माझ्याकडे न बघता छडीकडे बघून वाचायची. एक मुलगा छडीच्या भीतीने सबक (धडा) झाला म्हणून खोटं सांगायला लागला. तेव्हा सोडली. त्यांची नावं मला आठवतात. त्यातला एक आता रिक्षा चालवतो, सलाम करतो. मी त्याची माफी मागितलेली नाही. या जुम्म्याला मागेन.

आपा, पहिलं पान उस्तादांचं असू द्या. मला मंजूर आहे.

आलिमा_वाळवा

इतिहासकार इब्न खल्दून यांनी आपल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात हेच लिहून ठेवलंय, चौदाव्या शतकात. मुलांवर सक्ती आणि मार यांचा भार पडला की त्यांचा उत्साह मरतो, ती आळशी होतात आणि हाताच्या भीतीने मनात एक नि ओठांवर दुसरं ठेवायला शिकतात. म्हणजे मारणारा उस्ताद आपल्या हाताने खोटेपणा शिकवतो. हाफिजसाहेब, तुम्ही त्या मुलात जे पाहिलंत तेच हे.

मशिदीत एक बदू (वाळवंटातला अरब) लघवीला बसला तेव्हा लोक धावले. हुजूर म्हणाले, त्याला सोडा, आणि त्या जागेवर पाण्याची बादली ओता. हा प्रसंगही पहिल्या पानावर घ्या.

तिघांची_आई (सांगली)

मुलींचं कुणी बोललं नाही अजून.

मधल्या गटापर्यंत मुली येतात, बाराव्या वर्षी बंद. घरकाम, शिकवणी, 'आता मोठी झाली'. मोठा गट म्हणजे फक्त मुलं उरतात. तो गट हुजुरात शिकणार, इन्साफ शिकणार आणि समोर बहिणी नसणार. वेळ बदला, रविवारी सकाळी ठेवा, आलिमा नेमा, काहीही करा.

आणि मोठ्या गटात सूरह निसाची सातवी आयत घ्या. आईवडील आणि नातेवाइकांनी मागे ठेवलेल्यात पुरुषांचा हिस्सा आहे आणि स्त्रियांचाही हिस्सा आहे, थोडं असो की जास्त, ठरवून दिलेला हिस्सा. आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. वडील गेल्यावर चाळिसाव्यानंतर भाऊ कागद घेऊन येतो, हक्कसोड. बहिणीने सही केली तर माहेरची साडी, नाही केली तर माहेर बंद. माझ्या नणंदेने सही केली त्या दिवशी भाऊ पाच वक्ताचा नमाजी होता, आजही आहे. त्याला कुणी चौदाव्या वर्षी ही आयत समजावली असती तर? कदाचित काही फरक पडला नसता. पण निदान सही घेताना हात थरथरला असता.

अडत_दुकान (सांगली मार्केट यार्ड)

तिघांची_आई, +१. हे माप मारणंच आहे. मुतफ्फिफीनच्या धड्यालाच जोडा.

पुण्यात_नोकरी (मूळ तासगाव)

परीक्षेचं काय? केरळमध्ये १९५१ पासून 'समस्त' या आलिमांच्या संघटनेचं मदरसा शिक्षण मंडळ आहे. इयत्तावार पुस्तकं, मुलांच्या भाषेत शिकवणं, वर्षाअखेर सार्वजनिक परीक्षा. माझ्या ऑफिसातला मलप्पुरमचा मित्र सांगतो की सकाळी मदरसा आणि मग शाळा हे तिथल्या मुलाला दात घासण्याइतकं सवयीचं असतं. आपल्याकडे प्रत्येक मशिदीचा क्रम वेगळा, उस्ताद बदलला की पुन्हा नूरानी कायद्यापासून सुरुवात. पुस्तक झालं तर निदान मिरज-सांगलीपुरतं तरी सारखं होईल.

आणि चांगल्या वागण्याला गुण द्यायचे का? काही ठिकाणी वही असते: आज आईला मदत केली, बरोबरची खूण.

हाफिज_मिरज

नको. इथे मात्र मी ठाम आहे.

माऊनच्या सहाव्या आयतीत काय आहे? 'जे दाखवण्यासाठी करतात.' ज्या सूरहने धडा सुरू केला तीच सूरह शिकवून आपण मुलाला सांगणार की शेजाऱ्याला बादली दे आणि वहीत खूण कर? मग तो खुणेसाठी बादली देईल. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असा सदका (दान) करणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाहच्या सावलीत जागा आहे, ही सहीह हदीस आहे. आणि आपण त्याचा तक्ता भिंतीवर लावणार?

परीक्षा तिलावतीची घ्या, अर्थाची घ्या, शब्दांची घ्या. आयत देऊन विचारा की अमुक प्रसंगात काय करशील आणि का. गुण त्या उत्तराला. वागण्याला गुण नाहीत. ते उस्तादांनी डोळ्यांनी बघायचं, गरज पडली तर एकट्याला बाजूला घेऊन बोलायचं आणि बाकी दुआ करायची.

कृष्णाकाठ (मिरज)

हाफिजसाहेब, ती खुणांची वही माझ्या मसुद्यात होती, पान चौदा. शाळेत आम्ही निरीक्षण नोंदी ठेवतो, त्या सवयीने आली होती. काढली. हे मला सुचलं नसतं.

आठवडाभरात काय काय बदललं ते लिहिते, म्हणजे समितीपुढे ठेवण्याआधी कुणाला हरकत असेल तर कळेल.

पहिलं पान उस्तादांसाठी: अनस रजि. यांची हदीस, बदूचा प्रसंग आणि एक साधी ओळ, की या मकतबमध्ये मुलावर हात उचलला जाणार नाही. खाली उस्ताद आणि जमातीच्या सदराची (अध्यक्षाची) सही. लहान गटाचा क्रम लुकमानच्या आयतींप्रमाणेच लावला, तौहीदपासून. मोहरीचा दाणा तिसऱ्या आठवड्यात येतो. पाऊण तासातली पंचवीस मिनिटं तजवीद (शुद्ध उच्चाराचे नियम) आणि नाजरा, त्याला हात लावलेला नाही. उरलेल्या वेळेत आठवड्याला जास्तीत जास्त तीन आयतींचा अर्थ. वर्षभरात फार होत नाही असं सदर म्हणतील, तेव्हा इब्न उमर यांची आठ वर्षं सांगेन.

भाषेचं जरा सविस्तर. नियत, अमानत, सब्र, हलाल, रिया (दिखाऊपणा) हे शब्द तसेच ठेवलेत. अर्थ मराठीत, गोष्ट दखनीत सांगायची मुभा. 'अमानत'ला 'ठेव' म्हटलं की मुलाला बँक आठवते आणि 'विश्वासाने सोपवलेली वस्तू' म्हटलं की लांबण लागते, म्हणून अमानत अमानतच. ऊर्दू लिपी दुसऱ्या वर्षापासून वेगळा तास, नाहीतर पोरं दादीची पत्रं वाचू शकणार नाहीत ही भीती मलाही आहे. चीनची हदीस भिंतीवरून पुसायची आहे, रंगाऱ्याला सांगितलंय. मुलींसाठी रविवारी सकाळी नऊला वेगळा वर्ग आणि निसाची सातवी आयत दोन्ही वर्गांना, मुलांना आधी.

यार्डाची सहल दिवाळीच्या सुट्टीत ठरवू. अडत_दुकानभाई, चाळीस पोरं आहेत, चहाऐवजी सरबत चालेल.

सातारकर_मास्तर

माझ्याकडे रयतच्या दिवसांतले तीन काचफळे आणि एक जुना लोखंडी तराजू आहे, वजनांसकट. धडा शिकवायला उपयोगी पडत असेल तर पाठवतो. परत करायची घाई नाही.

तिघांची_आई (सांगली)

मास्तर, माऊन!

हाफिज_मिरज

काल मगरिबनंतर मी माऊनचा धडा घेतला, आपांच्या मसुद्यातून जसाच्या तसा. आधी सगळ्यांकडून तिलावत. मग कुऱ्हाड, भांडं, बादली. मग प्रत्येकाने आपल्या घरातली एक वस्तू सांगायची. सहावीतला एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, हात वर करून म्हणाला, "उस्ताद, वायफायचा पासवर्ड माऊन आहे का? बाजूचे मागतात, अब्बा देत नाहीत."

मी म्हटलं, उद्या सांगतो. दिल्याने वस्तू कमी होत नाही, हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला त्या पासवर्डने कोण काय बघेल ते माहीत नाही, आणि बिल अब्बा भरतात, म्हणजे मालक ते. मुलासमोर त्याच्या वडिलांना चुकीचं ठरवायचं नाही, 'उफ'ची आयत त्यानेच मला म्हणून दाखवलीय. रात्री तफसीर (कुरआनवरचं भाष्य) उघडून बसलो होतो. आलिमासाहेबा, तुम्ही काय सांगाल? मगरिबला अजून साडेतीन तास आहेत.